व्यक्तिगत कार्बन फूटप्रिंट

एका माणसाच्या वर्षभराच्या राहणीमुळे, म्हणजे प्रवास, वीज, इंधन, अन्न आणि खरेदी यांमुळे, वातावरणात सुटणाऱ्या हरितगृह वायूंची गोळाबेरीज. ती कार्बन डायऑक्साइड-समतुल्य टनांत मांडतात. इतर वायूंना त्यांच्या तापवण्याच्या क्षमतेनुसार पट लावतात. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनला साधारण २८ पट.

विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी १९९०च्या दशकात मांडलेल्या पर्यावरणीय पाऊलखुणेच्या (माणसाच्या राहणीला किती जमीन-पाणी लागते याच्या मापाच्या) कल्पनेतून हे माप पुढे आले. २००५च्या सुमारास बीपी या तेल कंपनीने जाहिरातींतून ते घरोघरी पोचवले. जबाबदारी ग्राहकाच्या गळ्यात मारली, ही त्यावरची टीका रास्तच आहे. पण म्हणून आकडेमोड खोटी ठरत नाही.

हिशेब सोपा: वापर गुणिले उत्सर्जन गुणांक, म्हणजे एका एककामागे किती वायू सुटतो तो आकडा. एक लिटर पेट्रोल जळल्यावर सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, डिझेलमागे २.७ किलो आणि एक किलो एलपीजीमागे ३ किलो. जेमतेम पाऊण किलोच्या पेट्रोलमधून एवढे वजन येते, कारण दर १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन ओढून घेतो. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण १ किलो उत्सर्जन होते, पवन वा जलविद्युतेत त्याचा किरकोळ अंश. वीज कशापासून बनते हे देशागणिक बदलते, त्यामुळे परक्या देशाचा गुणांक वापरला की सगळा हिशेब फसतो. वीज आणि गॅस घरातल्या माणसांत वाटून घ्यावेत, वाहनाचे इंधन प्रवाशांत.

कपात मोठ्या रकमेपासून सुरू करावी. वीस लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला सुमारे ०.७ युनिट लागते. तेवढ्यात मोबाइल महिनाभर रोज चार्ज होतो. चार्जरचे बटण बंद करून मिळणारे समाधान स्वस्त असते. विमानाचा एक लांबचा प्रवास टाळला, तर वर्षभराच्या बारीकसारीक काटकसरीपेक्षा जास्त वाचते.

सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे एसीतला गॅस. आर-४१०ए या शीतकाची (थंडावा देणाऱ्या गॅसची) तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या जवळपास २,०९० पट आहे. एक किलो गळणे म्हणजे सुमारे ९०० लिटर पेट्रोल जाळणे. आर-३२ या दुसऱ्या शीतकाची क्षमता याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी, तरीही ६७५ पट. हे चक्र बंदिस्त असते, गॅस आपोआप ‘संपत’ नाही. दरवर्षी गॅस भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहेच. बहुधा फ्लेअर नटापाशी (तांब्याच्या नळ्या जोडणाऱ्या नटापाशी), आणि तिथे तेलकट डागही दिसतो. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने बुडबुडे पाहावेत, जोड दुरुस्त करावा, पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढावी (व्हॅक्यूम करावा) आणि मग वजन करूनच गॅस भरावा. एसी हलवताना गॅस हवेत सोडून न देता बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घ्यावा.

खाण्यात गोमांस आणि मेंढीचे मांस सर्वांत जड, डाळी फार हलक्या. माल किती लांबून आला याचा वाटा, विमानाने आलेला सोडल्यास, सहसा थोडा असतो. खरकटे कचराभूमीत हवेविना कुजून मिथेन देते. घरच्या खताच्या डब्यात वास आला, तर तिथेही तेच चालू आहे असे समजावे: सुका पाला मिसळून ढीग वरखाली करावा.

नवा फ्रिज घेऊन जुना ‘जादा’ म्हणून चालू ठेवला, तर बचत उलटी पडते. विकत घेतलेले कार्बन क्रेडिट (दुसरीकडे झाडे लावून वगैरे केलेल्या भरपाईची प्रमाणपत्रे) बेरजेतून वजा करू नयेत, वेगळे लिहावेत: उत्सर्जन आज झालेले असते, तर लावलेले झाड तो कार्बन कित्येक वर्षांत शोषणार असते, तेही जगले तर.