गॉडझिलाचे चाहते आणि त्यांच्या पिढ्या

गॉडझिलाचे चाहते : जपानच्या तोहो कंपनीने १९५४ मध्ये पडद्यावर आणलेल्या ‘गोजिरा’ या महाकाय प्राण्याभोवती जमलेला आणि पुढे जगभर पसरलेला चाहतावर्ग. जपानबाहेर हा प्राणी गॉडझिला या नावाने ओळखला जातो आणि अशा अजस्र प्राण्यांच्या चित्रपटांना चाहत्यांच्या बोलीत काइजूपट म्हणतात. सत्तर वर्षे टिकलेल्या या चाहतावर्गात आजोबा, मुलगा आणि नात अशा तिघांचेही प्रेम एकाच प्राण्यावर असू शकते. तिघांच्या डोळ्यांपुढचा प्राणी मात्र वेगवेगळा असतो. माणूस कोणत्या पिढीचा चाहता आहे, हे त्याच्या जन्मसालावरून ठरत नाही. सात-आठ वर्षांचा असताना त्याने कोणता गॉडझिला पाहिला आणि कुठे पाहिला, थिएटरात, शनिवारी दुपारी टीव्हीवर, भाड्याच्या कॅसेटवर की हातातल्या मोबाइलवर, यावरून ते ठरते. पुढे तो सगळे चित्रपट पाहतो, त्यांची सालेही पाठ करतो. पण ‘खरा’ गॉडझिला कोणता यावर वाद पेटला की बालपणी पाहिलेल्याच्याच बाजूने उभा राहतो.

चित्रपटांचे कालखंड, मिलेनियम सोडला तर, जपानी सम्राटांच्या राजवटींवरून पाडले आहेत : शोवा (१९५४–७५), हेसेई (१९८४–९५), मिलेनियम (१९९९–२००४) आणि रेइवा (२०१६ पासून). ही विभागणी इतिहासाच्या काट्यावर तोललेली नाही. १९८४ चा चित्रपट आला तेव्हा शोवा सम्राट हयात होते आणि २०१६ चा आला तेव्हा हेसेई राजवट चालू होती. रेइवा सुरू झाली ती २०१९ मध्ये. चाहत्यांना हे चांगले ठाऊक आहे, तरी सोयीची म्हणून तीच नावे रुळली.

पहिले प्रेक्षक. ३ नोव्हेंबर १९५४ रोजी ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शक इशिरो होंडा, दृश्यचमत्कार (स्पेशल इफेक्ट्स) एइजी त्सुबुराया यांचे, संगीत अकिरा इफुकुबे यांचे, निर्माते तोमोयुकी तानाका. त्याच वर्षी १ मार्चला बिकिनी बेटांवर अमेरिकेने केलेल्या हायड्रोजन बाँबच्या चाचणीत ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी बोटीवर किरणोत्सारी राख पडली होती. बोटीवर २३ जण होते. त्यांतले बिनतारी यंत्रचालक कुबोयामा सप्टेंबरात वारले. चित्रपट सुरू होतो तोच समुद्रात डोळे दिपवणारा उजेड पडून बुडणाऱ्या बोटीने. पुढे आगगाडीत एक तरुणी सहज बोलून जाते की नागासाकीतून मी कशीबशी वाचले, आणि आता हे. जळत्या शहरात मुलांना कवटाळून बसलेली एक आई त्यांना सांगते की आता आपण बाबांकडे जाणार. मार्च १९४५ च्या बाँबवर्षावात तोक्यो जळताना पाहिलेली माणसे तिकीट काढून हे बघत होती. जवळपास ९६ लाख तिकिटे खपली. यांना चाहते म्हणणे मात्र जरा धाडसाचे आहे. त्यांनी चित्रपट एकदा पाहिला, काहींनी डोळे पुसले आणि ते कामाला लागले. खेळणी, मासिके, मंडळे असे काही तेव्हा नव्हतेच. चाहतावर्ग उभा केला तो त्यांच्या मुलांनी.

शोवा काळातली मुले. १९६२ मध्ये गॉडझिला आणि किंगकाँग यांची झुंज लागली आणि तिकिटांचा आकडा एक कोटीच्या वर गेला. हा विक्रम आजवर मोडलेला नाही. आता थिएटरात मुले दिसू लागली. १९६६ मध्ये त्सुबुराया यांच्या कंपनीची, काइजूंशी लढणाऱ्या महाकाय नायकाची ‘अल्ट्रामॅन’ मालिका टीव्हीवर आली आणि काइजूंची अक्षरशः लाट उसळली. मारुसान आणि तिच्यामागोमाग बुलमार्क या कंपन्यांची मऊ व्हिनाइलची रंगीत काइजू-खेळणी घरोघरी गेली. पडद्यावरचा प्राणीही मुलांच्या कलाने बदलत गेला. १९६५ च्या चित्रपटात तो परग्रहावर लढाई जिंकतो आणि हात-पाय वाकडे करून उड्या मारतो. फुजिओ आकात्सुका यांच्या एका लोकप्रिय विनोदी चित्रकथेतल्या पात्राची ही ‘शे!’ करण्याची ढब तेव्हा जपानमधल्या प्रत्येक पोराच्या अंगात भिनली होती. त्या पोरांना तो क्षण म्हणजे पर्वणी वाटली; अणुबाँबची आठवण म्हणून या प्राण्याकडे पाहणाऱ्यांना तो आजही बघवत नाही. त्या दोन-चार सेकंदांवर जितकी शाई सांडली आहे तितकी काही अख्ख्या चित्रपटांवरही सांडलेली नाही.

१९६९ पासून शाळेच्या सुट्ट्यांत ‘तोहो चॅम्पियन महोत्सव’ भरू लागला : एक गॉडझिलापट आणि सोबत कार्टून. नवा चित्रपट नसेल तेव्हा जुना कापून आखूड करून दाखवत. १९७० मध्ये किंगकाँगच्या चित्रपटाला कात्री लावताना मूळ निगेटिव्हच कापली गेली. पूर्ण चित्रपट चांगल्या स्वरूपात परत जोडून मिळायला २०१६ उजाडावे लागले. त्या महोत्सवांत रमलेल्या मुलाला अर्थातच आपण तुकडा पाहतो आहोत याची कल्पना नव्हती. १९७१ च्या चित्रपटात कारखान्यांच्या सांडपाण्यावर पोसलेला हेदोरा आला. तेव्हा जपानी शहरांत धुरके इतके होते की शाळकरी मुलांना हा शत्रू ओळखीचा वाटला. त्याच चित्रपटात गॉडझिला तोंडातून अग्नी फेकत मागे मागे उडतो. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोठे अजून कपाळाला हात लावतात. १९७५ च्या चित्रपटाला दहा लाखही प्रेक्षक मिळाले नाहीत आणि मालिका थांबली.

पोकळीची नऊ वर्षे. माझ्या मते या चाहतावर्गाचा खरा जन्म याच काळातला, नवा चित्रपट येत नव्हता तेव्हाचा. शोवा काळातली मुले आता कॉलेजात होती. त्यांनी हाताने काढलेली नियतकालिके छापली, जुन्या चित्रपटांचे खेळ लावले, तंत्रज्ञांना गाठून मुलाखती घेतल्या. १९८० मध्ये ‘उचुसेन’ हे दृश्यचमत्कारांच्या चित्रपटांना वाहिलेले नियतकालिक निघाले. खेळण्यातले गॉडझिला चित्रपटातल्यासारखे दिसत नाहीत म्हणून काहींनी घरच्या घरी राळेत मूर्ती ओतायला घेतल्या आणि त्यातून ‘गॅरेज किट’ हा धंदाच उभा राहिला. १९८३ मध्ये तोहोने जुने काइजूपट पुन्हा थिएटरात लावले. त्याच वर्षी इफुकुबे यांच्या चित्रपटसंगीताची वाद्यवृंदासाठीची रचना मैफलीत सादर झाली. या पिढीचे एक दुखणे होते. लहानपणी ज्या उड्यांवर ती फिदा होती त्यांचीच तिला आता लाज वाटू लागली होती. ‘आमचा गॉडझिला गंभीर होता’ असे सांगत ती १९५४ कडे बोट दाखवू लागली. तो चित्रपट आला तेव्हा यांतले बहुतेक जन्मलेही नव्हते. १९८४ चा पुनरागमनाचा चित्रपट बेताचा विनोद आणि भरपूर अणुराजकारण घेऊन आला, त्यामागे ही मागणीही होती.

अमेरिकेतली वाट. अमेरिकेत हा प्राणी १९५६ मध्ये पोहोचला तो वेगळ्या रूपात. रेमंड बर या नटाला वार्ताहर करून नवी दृश्ये जोडली होती आणि अणुचाचण्यांवरचा रोख बराच बोथट केला होता. पुढच्या दोन दशकांत तिथल्या मुलांनी गॉडझिला पाहिला तो मुख्यतः स्थानिक टीव्हीवर, जाहिरातींच्या मधे, ओठ एकीकडे आणि इंग्रजी बोल दुसरीकडे अशा डबिंगसह. त्या वेडगळ डबिंगवर यांचा जीव आहे आणि स्वच्छ सबटायटलवाल्या प्रतीत त्यांना काहीतरी हरवल्यासारखे वाटते. मूळ जपानी चित्रपट अमेरिकी थिएटरांत रीतसर फिरला तो २००४ मध्ये. म्हणजे पन्नाशीच्या चाहत्याला आपल्या लाडक्या प्राण्याची मूळ कथा त्याच्या पोरासोबतच पहिल्यांदा पाहायला मिळाली. गंमत अशी की जुने चाहते जुन्या चित्रपटांचे अधिक जाणकार असतील हा समज इथे उलटा पडतो. थोरल्यांनी एकेक चित्रपट अर्धामुर्धा पाहिला आणि उरलेला आठवणीतून रचला. किंगकाँगच्या झुंजीचे दोन शेवट आहेत, जपानी प्रतीत गॉडझिला जिंकतो, ही खोटी गोष्ट अशीच दशकानुदशके फिरत राहिली. २०१९ मध्ये जुने चित्रपट डिस्कवर काढणाऱ्या क्रायटेरियन या अमेरिकी कंपनीने शोवा काळातले पंधराही चित्रपट एका संचात काढले. तो संच घेऊन बसलेल्या वीस वर्षांच्या पोराला थोरल्यांपेक्षा जास्त माहीत असते.

शिकागोजवळ जुलैत भरणारे ‘जी-फेस्ट’ हे अमेरिकेतले मोठे संमेलन. त्याच्या पाठीशी कॅनडातून निघणारे ‘जी-फॅन’ हे नियतकालिक आहे. १९५४ ते १९७२ पर्यंत रबरी पोशाखात घाम गाळणारे हारुओ नाकाजिमा उतारवयात अमेरिकेतल्या अशा संमेलनांना येत. पहिला पोशाख शंभर किलोंच्या घरात होता. पडद्यावर ज्यांचा चेहराच दिसला नाही त्या माणसाच्या सहीसाठी तिथे रांग लागे. २०१७ मध्ये ते वारले.

हेसेई आणि हॅमस्टर. १९९१ ते १९९५ दरवर्षी डिसेंबरात नवा चित्रपट, असा जपानी मुलांना शिरस्ताच लागला. नववर्षाची सुट्टी, थिएटर आणि बाहेर बांदाईची खेळणी. या गॉडझिलाची उंची पन्नास मीटरवरून ऐंशी आणि मग शंभरवर गेली, कारण तोक्योतल्या इमारती त्याच्याहून उंच झाल्या होत्या. १९९५ मध्ये तो मरणार हे पोस्टरवरच जाहीर होते; अंगातली अणुभट्टी वितळून तो गेला तेव्हा ही मुले रडली. या पिढीचे गॉडझिलाशी नाते सर्वांत सरळ आहे, ना लाज ना अपराधीपणा. १९८९ चा ‘बिओलांटे’ तेव्हा फारसा चालला नव्हता. २०१४ मध्ये एका जपानी वाहिनीने मते मागवली तेव्हा तोच सर्वोत्कृष्ट ठरला. मते देणारी मुले तोवर मोठी झाली होती.

१९९८ च्या अमेरिकी चित्रपटावर सगळ्या पिढ्यांचे एकमत झाले, आणि असा प्रसंग विरळाच. इग्वानासारखा धावणारा आणि क्षेपणास्त्रांनी मरणारा तो प्राणी नुसता नावाचा गॉडझिला, असे त्यांनी ठरवले. तोहोने पुढे त्याचे नाव ‘झिला’ केले आणि २००४ च्या चित्रपटात खऱ्याकडून काही सेकंदांत त्याचा निकाल लावला. तरी त्या वेळी सहा-सात वर्षांची असलेली मुले आता चोरट्या आवाजात सांगतात की आम्हाला तो आवडला होता.

मिलेनियम काळातल्या मुलांची कहाणी सर्वांत विचित्र. २००१ ते २००३ तोहोने गॉडझिलाची जोडी ‘हॅमतारो’ या गोंडस हॅमस्टरच्या कार्टूनपटाशी लावली. पहिल्याच वर्षी हॅमस्टरसाठी आलेल्या बालवाडीतल्या मुलांपुढे शुसुके कानेको यांचा चित्रपट उभा राहिला. त्यातल्या गॉडझिलाच्या डोळ्यांना बुबुळेच नाहीत आणि अंगात दुसऱ्या महायुद्धात मेलेल्यांचे आत्मे आहेत. ही जोडी जुळवणाऱ्याने दोन्ही चित्रपट आधी पाहिले होते का, कोण जाणे.

चाहतेच दिग्दर्शक. कानेको १९५५ मध्ये जन्मले, हिदेआकी आन्नो १९६० मध्ये, ताकाशी यामाझाकी १९६४ मध्ये. तिघेही टीव्ही आणि सुट्टीतल्या खेळांवर वाढलेले. आन्नो यांनी विद्यार्थिदशेत स्वतःच अल्ट्रामॅन होऊन हौशी चित्रपट काढला होता. २०१६ मध्ये त्यांनी शिंजी हिगुची यांच्यासह ‘शिन गोजिरा’ केला. २०११ चा भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमा पाहिलेल्या प्रेक्षकांना त्यातल्या न संपणाऱ्या सरकारी बैठका चांगल्याच बोचल्या. रबरी पोशाख गेला म्हणून हळहळणाऱ्या थोरल्यांना एक दिलासा मिळाला : संगणकावरच्या प्राण्याची चाल क्योगेन या पारंपरिक नाट्यप्रकारातले नट मान्साई नोमुरा यांच्या अंगावरून घेतली होती. म्हणजे आत माणूस होताच. तरुणांनी थिएटरात ओरडण्याची मुभा असलेले खेळ भरवले आणि बैठकांतल्या अधिकाऱ्यांनाही टाळ्या दिल्या. यामाझाकींचा २०२३ चा ‘गोजिरा –१.०’ युद्धानंतरच्या उद्ध्वस्त तोक्योत परतला, उंची पुन्हा पन्नास मीटरच्या आसपास. त्याला दृश्यचमत्कारांचे ऑस्कर मिळाले आणि चमू मंचावर गेला तो गॉडझिलाच्या बाहुल्या हातात घेऊन.

भारतातली नोंद आखूड आहे. १९६६ मध्ये ‘गोगोला’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला, त्यात समुद्रातून आलेला राक्षस मुंबईवर चालून येतो. आज तो पाहायला मिळत नाही. त्यातली गाणी तेवढी ऐकू येतात. इथल्या बहुतेक चाहत्यांचा गॉडझिला जपानी नसून हॉलिवुडच्या २०१४ पासूनच्या मालिकेतला, किंगकाँगशी भिडणारा आहे. ‘गॉडझिला व्हर्सेस काँग’ भारतात २४ मार्च २०२१ रोजी, अमेरिकेच्या आठवडाभर आधी, इंग्रजीसह हिंदी, तमिळ आणि तेलुगूत लागला, मराठीत नाही. करोनामुळे महाराष्ट्रात थिएटरे निम्म्या क्षमतेने चालू होती आणि एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा बंद झाली. त्या दोन आठवड्यांत मास्क लावून, मधली खुर्ची रिकामी ठेवून तो पाहिलेली मुले आता कॉलेजात पोहोचत आहेत. ती १९५४ चा चित्रपट शोधायला लागतात तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारतात की काँग कधी येतो.