इंग्लंडमधील ग्रामीण पब : पाहुण्यांची निरीक्षणे

ग्रामीण पब म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातील परवानाधारक मद्यालय. बहुधा चर्चच्या आसपास असलेल्या या जागेत गावकरी बिअर पितात, जेवतात, डार्ट्स खेळतात आणि गावच्या भानगडी चघळतात. ‘बार’ म्हटले की कपाळाला आठ्या घालणाऱ्या मराठी कुटुंबाला तिथे आजीबाई, शाळकरी मुले आणि टेबलाखाली पसरलेला कुत्रा एकत्र दिसतो, तेव्हा जरा चुकल्यासारखे होते.

नवख्याची खरी फजिती मात्र काउंटरपाशी. टेबल पकडून वेटरची वाट पाहणाऱ्याकडे बहुतेक ठिकाणी कोणी फिरकत नाही. पेय स्वतः जाऊन मागायचे, पैसे तिथेच द्यायचे. रांगप्रिय इंग्रज इथे रांग लावत नाहीत, तरी आधी कोण आले हे सर्वांना पक्के ठाऊक असते. नोट फडकावणे किंवा हाका मारणे हा उद्धटपणा. टिप ठेवत नाहीत. फार तर काउंटरमागच्या माणसाला ‘तुमच्यासाठीही एक घ्या’ म्हणतात. मित्रमंडळीत प्रत्येकाने पाळीपाळीने सर्वांचे पेय आणायचे, आणि आपली पाळी चुकवणारा गावभर लक्षात राहतो.

‘बिअर कोमट आहे’ ही परदेशी पाहुण्यांची ठरलेली तक्रार. ती अर्धीच खरी. पारंपरिक ‘कास्क एल’ ही पिंपातली बिअर (एल हा बिअरचाच प्रकार) पिंपातही आंबत राहते आणि तळघरात साधारण १२ अंश सेल्सिअसला ठेवली जाते. त्याहून गार केली की तिचा स्वाद दबतो. काउंटरवरच्या हातपंपाचा दांडा दोन-तीनदा सावकाश ओढून ५६८ मिलिलिटरचा पाइंट भरतात. पिंप उघडले की ते काही दिवसांतच संपवावे लागते, त्यामुळे गिऱ्हाईक कमी असलेल्या पबमध्ये ही बिअर खरोखरच वाईट लागू शकते.

पूर्वी दुपारी पब बंद असल्याने प्रवासी बुचकळ्यात पडत. पहिल्या महायुद्धात आलेले वेळेचे ते निर्बंध इंग्लंडमध्ये १९८८ मध्ये सैल झाले. जुन्या प्रवाशांचे अनुभव याहून कडवट आहेत. १७८२ मध्ये इंग्लंडभर पायी फिरलेल्या कार्ल फिलिप मोरित्स या जर्मन लेखकाला अनेक खाणावळवाल्यांनी दारातूनच परत पाठवले, कारण घोडागाडीविना येणारा माणूस त्यांना भिकारीच वाटे.

ठेंगण्या तुळया, शेकोटी, भिंतीवरची घोड्यांच्या साजाची पितळी पदके पाहून पाहुणे हरखतात. यातले बरेचसे विसाव्या शतकात हौसेने लावलेले असते. ‘प्लाउमन्स लंच’ हे पाव, चीज आणि लोणच्याचे ताटही तसेच. शेतकऱ्यांची ती कांदा-भाकर जुनीच, पण तिचे हे नाव देशभर पसरले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, चीज खपवणाऱ्यांच्या जाहिरातींमुळे. पबबाहेरच्या पाट्यांचा इतिहास मात्र अस्सल आहे : १३९३ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याने एल विकणाऱ्यांना पाटी लावणे सक्तीचे केले, आणि त्याचे चिन्ह असलेले पांढरे हरीण ‘व्हाइट हार्ट’ या नावाने आजही गावोगावी टांगलेले दिसते.

राजकीय पाहुण्यांनाही पब दाखवण्याची पद्धत पडली आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये तेव्हाचे ब्रिटिश पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांना आपल्या मतदारसंघातील सेजफील्डच्या ‘डन काउ’मध्ये जेवायला नेले, मद्य सोडलेल्या बुश यांनी अल्कोहोलविरहित बिअर घेतली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन यांनी चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग यांना बकिंगहॅमशायरमधील कॅड्सडेनच्या ‘प्लाउ’मध्ये नेले. त्यानंतर या दोघांनी घेतला तोच पाइंट आणि तेच फिश अँड चिप्स (तळलेला मासा आणि बटाट्याचे काप) मागणारे चिनी पर्यटक तिथे येऊ लागले, आणि २०१६ मध्ये एका चिनी कंपनीने तो पबच विकत घेतला.