पानाखालचे आवळे

पावसाची पहिली झड ओसरली की कुंडीत, फरशीच्या फटीत, बांधाच्या कडेला एक वीतभर उंचीचं तण उगवतं. त्याची फांदी उलटी करून पाहा. पानांखाली मोहरीपेक्षा जरा मोठे हिरवे मणी ओळीनं लटकलेले दिसतील. ही भुईआवळी. नावातला आवळा उगाच आलेला नाही. झाडावरचा आवळा आणि ही, दोघेही फायलॅन्थस याच प्रजातीतले. संध्याकाळ झाली की तिची पानं मिटतात, तेवढं मात्र लाजाळूसारखं.

कावीळ झाली की भुईआवळी वाटून ताकात किंवा दुधात द्यायची, हे अनेक घरांत पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. आणि रोगी बरा होतोही! पण इथे जरा थांबायला हवं. कावीळ हा रोग नव्हे, खूण आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडताना तयार होणारं पिवळं बिलिरुबिन यकृतानं बाहेर टाकलं नाही, की डोळे पिवळे दिसतात. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांमध्ये काही आठवड्यांत आपोआप ओसरते. त्या आठवड्यांत जे पोटात गेलं, त्याला श्रेय मिळतं.

खरी कसोटी यकृताला सूज आणणाऱ्या हेपटायटिस ‘बी’ विषाणूची, कारण तो शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. हा विषाणू शोधणारे बारूक ब्लमबर्ग यांना १९७६चं नोबेल मिळालं. त्यांनी भारतीय सहकाऱ्यांबरोबर भुईआवळीचा अर्क तपासला, तेव्हा विषाणूच्या वाढीला लागणारं एक विकर (एन्झाइम) परीक्षानळीत रोखलं गेलं. मग १९८८ साली मद्रासच्या चाचणीचे आकडे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. महिनाभर भुईआवळीची पूड घेतलेल्या ३७ वाहकांपैकी, म्हणजे शरीरात हा विषाणू बाळगणाऱ्यांपैकी, २२ जणांच्या रक्तातली विषाणूची खूण गेली होती. औषध नसलेली, नुसती दिखाऊ कॅप्सूल घेतलेल्या २३ जणांत असा एकच निघाला.

असे आकडे पाहून कुणीही हरखेल. पण दोनच वर्षांत थायलंडमधल्या चाचणीत हे घडलं नाही, न्यूझीलंडमध्येही नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०११च्या कोक्रेन आढाव्यानंही खात्रीलायक पुरावा नसल्याचं नोंदवलं. फरक वनस्पतीचा होता की चाचणीच्या पद्धतीचा? भुईआवळी म्हणून बाजारात तीन-चार दिसायला सारख्या जाती मिसळलेल्या मिळतात, त्यामुळे पहिली शंका अगदीच पोकळ नाही. मला तरी लहान चाचणीतला योगायोग अधिक पटतो.

वनस्पती म्हणून भुईआवळी कुतूहलाची आहे, तिच्यातल्या फायलॅन्थिन या घटकाचा अभ्यासही होतो. मात्र पिवळे डोळे दिसले की आधी रक्ततपासणी. पित्तनलिकेत खडा अडकला असेल तर कुठलाच पाला तो काढणार नाही. आणि ‘बी’पुरतं बोलायचं तर उपयोगी पडली ती ब्लमबर्ग यांचीच दुसरी वाट. आयर्विंग मिलमन यांच्याबरोबर त्यांनी १९६९मध्ये लस बनवण्याची रीत मांडली. आज आपल्याकडे बाळ जन्मलं की २४ तासांच्या आत ‘बी’ची पहिली लस टोचतात.