वेल लॉगवरून तेल-वायूचे थर ओळखणे

तेलविहिरीत उपकरणांची लांब नळी केबलने तळाशी सोडतात आणि ती वर ओढत आणताना खडकाचे गुणधर्म खोलीनुसार टिपतात. ही नोंद म्हणजे वेल लॉग. पहिला विद्युत लॉग १९२७ साली फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे घेतला गेला.

वाचनाची सुरुवात गॅमा रे लॉगपासून होते. शेलमध्ये, म्हणजे मातीच्या बारीक कणांच्या थरदार खडकात, नैसर्गिक किरणोत्सर्ग जास्त असल्याने रेघ उजवीकडे जाते, स्वच्छ वालुकाश्मात किंवा चुनखडकात डावीकडे येते. मात्र फेल्डस्पार किंवा अभ्रक असलेला चांगला वालुकाश्मही शेलसारखा दिसतो. घनता आणि न्यूट्रॉन लॉग सच्छिद्रता, म्हणजे खडकातल्या छिद्रांचे प्रमाण, सांगतात. वायूच्या थरात हायड्रोजन विरळ असल्याने न्यूट्रॉन सच्छिद्रता कमी दाखवतो, घनता लॉग जास्त, आणि दोन्ही रेघा एकमेकींना छेदतात. खडक चुनखडक आहे असे धरून काढलेल्या लॉगमध्ये पाण्याने भरलेला वालुकाश्मही थोडा छेद दाखवतो. तो वायू समजू नये.

खरा निवाडा रोधकतेवर, म्हणजे खडक विजेला किती अडवतो यावर, होतो. खारे पाणी वीज वाहून नेते, तेल-वायू नेत नाहीत. छिद्रांतले पाणी किती ते रोधकतेवरून काढण्याच्या, आर्ची या अमेरिकी अभियंत्याने १९४२ मध्ये मांडलेल्या सूत्रात दोन्ही घातांक (सच्छिद्रतेचा आणि पाण्याच्या प्रमाणाचा) २ आणि स्थिरांक १ धरू. सच्छिद्रता २० टक्के आणि थरातल्या पाण्याची रोधकता ०.०४ ओहम-मीटर असेल, तर पाण्याने पूर्ण भरलेला थर १ ओहम-मीटर दाखवतो. तोच थर २५ दाखवत असेल, तर छिद्रांत पाणी २० टक्के, उरलेले ८० टक्के तेल किंवा वायू.

पण नुसती रोधकता जास्त म्हणजे तेल नव्हे. छिद्रेच नसलेला घट्ट चुनखडक आणि गोड्या पाण्याचा थरही तसेच आकडे देतात. उलट वाळू-शेलचे पातळ पापुद्रे एकाआड एक असतील, तर तेल असूनही रोधकता कमी भरते आणि थर हातचा जातो. मुंबई हायमध्ये, जिथे १९७४ मध्ये तेल सापडले, मुख्य साठा चुनखडकात आहे. चुनखडकात एकमेकांना न जोडलेल्या पोकळ्या असल्या तर सच्छिद्रतेचा घातांक २ हून मोठा होतो. तिथे २ च वापरला तर पाणी कमी आणि तेल जास्त दिसते.

या सगळ्या वाचनाच्याही आधी कॅलिपर, म्हणजे विहिरीचा व्यास मोजणारा लॉग, पाहावा. साडेआठ इंची बिटने (खोदणाऱ्या टोकाने) खोदलेल्या विहिरीत तो अकरा इंच दाखवत असेल, तर भिंत ढासळली आहे. घनता उपकरणाचा पॅड खडकाला टेकत नाही, मधला खोदकामाचा चिखल मोजला जातो आणि नसलेली सच्छिद्रता उमटते. शेवटी निवडलेल्या थरांचा दाब मोजून आणि द्रवाचा नमुना घेऊन खात्री करतात. खडकातून तेल किती सहज वाहील, हे नेहमीचे लॉग थेट मोजत नाहीत.