सशाचा खाऊ

सशाचा खाऊ : पाळीव सशाला रोजच्या गवत-पाल्याखेरीज कौतुकाने दिला जाणारा थोडासा जिन्नस, फळाची फोड, गाजराची चकती, एखादे फूल, वासाची पाने. इंदुरात पाहुण्यापुढे आधी शेवेची वाटी येते, आणि मराठी घरेही त्याला अपवाद नाहीत. तीच वाटी सशापुढेही सरकते, सकाळच्या पोह्यांतले चार दाणेही टाकले जातात. ससा ते आनंदाने खातो. त्याला आवडले म्हणजे सोसले, असे मात्र नाही.

पाळीव ससा युरोपातील जंगली सशाचा (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) वंशज आहे. माळव्याच्या शेतात दिसणारा ससा वेगळ्या प्रजातीचा असून तो घरात ठेवण्याचा प्राणी नव्हे. पाळीव सशाच्या अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, जिवाणू चोथा आंबवतात. त्यातून तयार होणाऱ्या मऊ, घोसदार लेंड्या ससा गुदद्वारालाच तोंड लावून पुन्हा खातो. त्यांतून त्याला जीवनसत्त्वे व प्रथिने मिळतात. साखर आणि पिष्ट वाढले की या जिवाणूंचा तोल बिघडतो. मऊ लेंड्या न खाता मागे चिकटून राहतात, पावसाळ्यात त्यावर माश्या बसून अळ्याही पडतात. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले बाहेर टाकण्याची सोय नाही. दात आयुष्यभर वाढत राहतात व ते झिजण्यासाठी वाळलेले गवतच चघळावे लागते. म्हणून आहाराचा सुमारे ८० टक्के भाग गवताचा असावा आणि ते दिवसभर समोर असावे.

दोन किलोच्या प्रौढ सशाला फळ एक-दोन चहाचे चमचे, तेही आठवड्यातून दोन-तीनदा, एवढे पुरते. पेरू, पपई किंवा बिया काढलेले सफरचंद चालते. केळे फार गोड, त्याची पातळ चकतीच द्यावी. गाजरही खाऊच आहे, जेवण नव्हे. हिवाळ्यात हलव्यासाठी गाजरे आणली की त्यांचा पाला सशाला आणि गाजरे घरच्यांना, ही वाटणी उत्तम. कोथिंबीर, पुदिना, शेपू, मुळ्याचा पाला धुऊन द्यावा. नवी भाजी एका वेळी एकच, चिमूटभर. भुट्ट्याचा कीस करताना निघणारी हिरवी साले थोडी द्यायला हरकत नाही. दाणे देऊ नयेत. रिजका (लसूणघास, हे चाऱ्याचे पीक) पिल्लांना ठीक, पण त्यात कॅल्शियम भरपूर, म्हणून प्रौढांना नेहमी नको. ससा आहारातले कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषतो व जादा लघवीवाटे टाकतो. त्यातून लघवी खडूसारखी दाट होते, खडे होतात.

गणेशोत्सवात सशाची चंगळ होऊ शकते. दूर्वा म्हणजे हरळी, आणि हरळी सशासाठी चांगले गवत आहे. जास्वंदीची फुलेही तो आवडीने खातो. पण एकवीस पत्रींच्या त्याच पुडीत तुळस आणि मरव्याशेजारी धोत्रा, रुई व कण्हेर असतात, आणि ही तिन्ही विषारी. धोत्र्यातला ॲट्रोपिन काही सशांच्या शरीरात विशिष्ट विकरामुळे मोडला जातो, पण आपला ससा त्यांतला आहे की नाही हे पाहून कळत नाही. म्हणून पुडी आधी निवडावी, दूर्वा पूजेपूर्वीच बाजूला काढाव्यात. कुंकू-अष्टगंध लागलेले निर्माल्य सशापुढे टाकू नये.

कांदा, लसूण, बटाटा, ॲव्होकाडो, चॉकलेट, कच्चा राजमा पूर्णपणे वर्ज्य. बिस्किटे, पाव, शेव, गराडू (तळून खातात तो कंद), सुकामेवाही नको. दुकानांत मिळणारे दह्याचे रंगीत थेंब व मधात घोळवलेल्या दाण्यांच्या कांड्या सशाच्या नावाने विकल्या जात असल्या, तरी त्यांत साखर नि पिष्टच जास्त. पाकिटावरचे सशाचे चित्र हा काही पुरावा नव्हे.

खाऊनंतर लेंड्या बारीक, वेड्यावाकड्या किंवा कमी झाल्या तर खाऊ थांबवून फक्त गवत-पाणी ठेवावे. ससा खाईनासा झाला आणि दहा-बारा तास लेंडीच पडली नाही, तर आतड्यांची हालचाल मंदावलेली असू शकते व ते जिवावर बेतते. अशा वेळी ओवा-हिंगाचे उपाय करत न बसता रात्र असली तरी पशुवैद्य गाठावा.