स्त्रीवादी स्मृती प्रकल्प (नेपाळ)

नेपाळच्या लोकशाही लढ्यात आणि सार्वजनिक जीवनात उतरलेल्या स्त्रियांचा विसरलेला इतिहास जुन्या छायाचित्रांतून पुन्हा उभा करणारा संग्रह व प्रदर्शन-उपक्रम. ‘स्त्रियांचे सार्वजनिक जीवन’ हे त्याचे मुख्य शीर्षक. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘नेपाळ पिक्चर लायब्ररी’ या डिजिटल छायाचित्रसंग्रहाने तो हाती घेतला आणि २०१८ साली काठमांडूजवळच्या पाटण येथील ‘फोटो काठमांडू’ महोत्सवात मांडला. नयनतारा गुरुंग कक्षपती आणि दिवस राजा के. सी. हे त्याचे मांडणीकार.

नेपाळवर १८४६ पासून १९५१ पर्यंत राणा घराण्याची सत्ता होती. त्या काळातला कॅमेरा मुख्यतः दरबारी. दीर्घमान चित्रकार यांच्यासारखे छायाचित्रकार दरबाराच्याच सेवेत होते. त्यामुळे दागिन्यांनी मढलेल्या राजघराण्यातील स्त्रिया काचेच्या प्लेटवर उतरल्या, सामान्य घरातल्या बायका क्वचितच. राणाशाही उलथवणाऱ्या उठावाला नेपाळी माणूस ‘सात साल’ची क्रांती म्हणतो, कारण ते विक्रम संवत २००७ (इ. स. १९५०-५१) होते. या क्रांतीचे नायक म्हणून पुरुषांची नावे पाठ झाली. स्त्रियांनी त्याआधीच संघटना बांधायला घेतली होती. मंगलादेवी सिंह यांच्या पुढाकाराने नेपाळ महिला संघ उभा राहिला. मुलींचे शिक्षण आणि मताधिकार या त्याच्या मागण्या होत्या.

पुढचा इतिहासही असाच पुसट राहिला. १९५९ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत १०९ जागांच्या सभागृहात द्वारिकादेवी ठकुरानी निवडून आल्या आणि बिश्वेश्वरप्रसाद कोइराला यांच्या मंत्रिमंडळात उपमंत्री झाल्या. डिसेंबर १९६० मध्ये राजे महेंद्र यांनी ते सरकार बरखास्त केले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९६१ च्या लोकशाही दिनी (राणाशाहीच्या अंताच्या स्मृतिदिनी), शैलजा आचार्य यांनी राजाला काळे निशाण दाखवले. त्या वेळी त्यांनी विशीही गाठली नव्हती. त्यासाठी त्यांनी तीन वर्षे तुरुंगात काढली. राजाच्या पक्षविरहित राजवटीविरुद्धच्या १९९० च्या जनआंदोलनात डाव्या पक्षांच्या संयुक्त आघाडीचे अध्यक्षपद सहाना प्रधान यांच्याकडे होते. एवढ्या ठळक भूमिका असूनही शालेय इतिहासात या स्त्रिया बहुधा एखाद्या ओळीपुरत्याच येतात.

छायाचित्रे नष्ट झाली म्हणून हे घडले नाही. ती घरातच होती. अल्बमच्या काळ्या पुठ्ठ्यावर कोपरे चिकटवून लावलेली, ट्रंकेत कपड्यांच्या घडीखाली ठेवलेली. मोर्चातली आजी तिथे फक्त ‘आजी’ असते; तिच्या शेजारच्या बाई कोण, हे सांगणारे माणूस गेले की तिची चळवळही गेली. प्रकल्पाचे काम नेमके इथे सुरू होते. घराघरांतून छायाचित्रे, पत्रे, पत्रके मिळवायची, स्कॅन करायची, मागच्या बाजूचे अक्षर वाचायचे, माणसांना बसवून नावे विचारायची. मग ती मोठ्या आकारात छापून लोकांसमोर मांडायची.

याला कला म्हणायचे ते या मांडणीसाठी. एकटे चित्र घरगुती आठवण असते. शाळेच्या पायऱ्यांवरचा मुलींचा गट, सभेत बोलणारी बाई, प्रवासाला निघालेली तरुणी ही चित्रे एका भिंतीवर शेजारी-शेजारी आली, की घराचा उंबरठा ओलांडण्याची एक सलग गोष्ट दिसू लागते. मांडणीकारांनी केवळ नेत्या निवडल्या नाहीत. शिकणे, लिहिणे, नोकरी करणे, एकटीने फिरणे हेही त्यांनी राजकारणच मानले. या प्रकल्पाचे सर्वांत मोठे योगदान हेच, कारण क्रांतीच्या नेहमीच्या व्याख्येत या गोष्टी बसतच नाहीत.

मात्र कुटुंबाच्या अल्बमवर उभ्या राहणाऱ्या कोणत्याही संग्रहाला एक मर्यादा राहते: अल्बम असायला आधी स्टुडिओपर्यंत जाण्याची ऐपत लागते. शहरांतल्या, शिकलेल्या, वरच्या जातींतल्या घरांकडे चित्रे जास्त. शेतावर राबणाऱ्या, दलित, मधेशी (दक्षिणेच्या सपाट तराईतल्या) आणि डोंगरी जनजातींच्या स्त्रिया कॅमेऱ्यासमोर आल्या त्या बहुधा दुसऱ्याच्या नजरेतून, आणि त्यांची नावे लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही. नेपाळ पिक्चर लायब्ररीनेच दलितांच्या इतिहासावर स्वतंत्र काम केले, ही म्हणूनच महत्त्वाची गोष्ट आहे. नाव न लागलेले चेहरे अशा संग्रहात तसेच जपावे लागतात. कोणाची तरी मुलगी, सून किंवा मैत्रीण समोर उभी राहून ‘ही आमची’ असे सांगेपर्यंत.