चूक दाखवलेल्या ओळीतच असते का?

संगणकाचा प्रोग्राम चालवताना येणाऱ्या त्रुटीसंदेशात जो ओळक्रमांक दिसतो त्याच ओळीत चूक असते, हा नवशिक्या विद्यार्थ्यांमधला जुना समज बरोबर नाही. प्रोग्राम कुठे अडला, एवढेच तो क्रमांक सांगतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चौथ्या ओळीतला कंस बंद करायचा राहिला, तर जुन्या आवृत्त्या अनेकदा काहीच चूक नसलेल्या पाचव्या ओळीवर बोट ठेवत आणि विद्यार्थी बिचारा तीच ओळ पुन्हा पुन्हा टाइप करत बसे. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० आवृत्तीपासून बहुतेक वेळा उघडा राहिलेला कंसच दाखवला जातो. मात्र इनपुटमधून घेतलेली संख्या पूर्णांकात न बदलता मजकूर म्हणूनच ठेवली असेल, तर तिच्यात १ मिळवायला जाताच प्रोग्राम बेरजेच्या ओळीवर थांबतो. दुरुस्ती मात्र बरीच वर, ती संख्या घेतली तिथे करावी लागते.